ज्यांना येत नाही त्यांनी डावा हात

१६ जून

आज वर्गात 'शक्यता' शिकवली. म्हणजे जपानीत 'मला अमुक करता येतं' आणि 'मला अमुक करता येत नाही' हे कसं म्हणायचं ते. चौतीस वर्षं तिसगावच्या शाळेत मराठी-संस्कृत शिकवलेल्या माणसाने निवृत्तीनंतर घराच्या पुढच्या खोलीत जपानीचा वर्ग काढावा, हे त्या धड्यातलं पहिलं उदाहरण म्हणून चालेल.

पुस्तकं अनिमेषची. आमच्या चिरंजीवांनी पुण्यात हौसेने जपानी लावलं, तीन महिन्यांत सोडलं आणि पुस्तकं घरी आणून टाकली. मी ती दोन वर्षं घासली आणि गेल्या डिसेंबरात पुण्याला जाऊन चौथ्या पायरीची परीक्षा दिली. 'दिली आहे' एवढंच मी सगळ्यांना सांगतो. निवृत्त शिक्षकाला 'पास झालात का?' असं विचारायची आपल्याकडे पद्धत नाही. इथे खरं लिहायला हरकत नाही. वाचनात उत्तम, ऐकण्यात साठपैकी चौदा. एकोणीस लागतात. ज्या पायरीवर मी आपटलो ती चढायला नऊ मुलं जानेवारीपासून माझ्याकडे येतात.

चूक माझी नव्हती. ऐकण्याच्या पेपराआधी तिथे एक वाक्य वाजवून दाखवतात आणि 'ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांनी हात वर करा' असं सांगतात. त्यांचं मशीनच खराब होतं. टेपवरची बाई तोंडात पदर धरून बोलल्यासारखी बोलत होती. पण दीडशे पोरांतल्या एकानेही हात वर केला नाही. मग एकट्या म्हाताऱ्याने कशाला करायचा?

असो. धडा रंगला. 'योमु' म्हणजे वाचणे, 'योमेमासु' म्हणजे वाचता येतं, 'योमेमासेन' म्हणजे वाचता येत नाही. आणि सगळ्यांत सोयीचं 'देकिमासु', म्हणजे जमतं, येतं, होतं. नाही जमत असेल तर 'देकिमासेन'. मी सांगत होतो, तेवढ्यात संस्कृती म्हणाली, "सर, मंजी आमची आजी म्हंती 'मला उठवत न्हाई', तसंच ना?"

मला इतका आनंद झाला की खडू मोडला. मराठीतलं शक्य क्रियापद! मी पाऊण तास त्यावरच बोललो. आपण ते बहुतेक नकारातच वापरतो. 'चालवत नाही', 'बघवत नाही', 'गिळवत नाही'. पण 'मला आज छान चालवतं' असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. जपानी माणूस दोन्ही म्हणतो.

संस्कृती ही गोरक्ष आणि रतनबाईंची मुलगी. नगरला नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स झाला आहे आणि आता जपानातल्या वृद्धाश्रमात कामाला जायचं आहे. हुशार आहे, पण आवाज फार मोठा. तशी सगळीच मुलं मळ्यातली, बांधावरून हाका मारायची सवय. संस्कृती तर प्रत्येक वाक्य माझ्याकडे तोंड करून, तोडून तोडून बोलते. मी तिला म्हटलं, अगं, जपानी भाषा नाजूक आहे, जरा हळू बोल. "व्हय सर," असं तिने आणखी मोठ्याने सांगितलं.

२ जुलै

नगरहून हर्षल आले होते. मुलांना जपानात पाठवणारी जी संस्था आहे तिचे हे साहेब, वय अठ्ठावीस, गळ्यात टाय. "शक्यतेचा धडा झाला का?" म्हणाले. झाला म्हटलं. "कोणाकोणाला येतो?" नऊच्या नऊ हात वर. साहेब खूश.

ही नानांची युक्ती. नाना म्हणजे माझे वडील, वय एकोणनव्वद, जिल्हा परिषदेच्या शाळेत हेडमास्तर होते. तपासणीला साहेब आला की हात सगळ्यांनी वर करायचा. ज्यांना येतं त्यांनी उजवा, ज्यांना येत नाही त्यांनी डावा. साहेबाला हातांचं रान दिसतं आणि मास्तर उजव्या हातांतलाच एक मुलगा उभा करतो. मीही ती चौतीस वर्षं वापरली. आमच्या घराण्याने शिक्षणक्षेत्राला दिलेली देणगी आहे ती.

चहाच्या वेळी आमच्या सौ. इंदूने विचारलं, "डावे किती होते?"

"सहा."

"आणि तुमचा?"

मी म्हटलं, शिक्षकाच्या हातात खडू असतो. त्यावर ती काहीतरी पुटपुटली. हल्ली ती फार पुटपुटते.

१९ जुलै

नानांचं खुब्याचं हाड मागच्या वर्षी मोडलं. तेव्हापासून त्यांना धरून उठवावं लागतं. वजन त्र्याहत्तर किलो. उशाशी शाळेतली जुनी पितळी घंटी ठेवली आहे. ती वाजली की मी जातो, पण का कोण जाणे, इंदू नेहमी आधीच पोचलेली असते.

आज मी नानांना पलंगावरून उचलत होतो, तेव्हा संस्कृती दारात उभी. म्हणाली, "सर, असं उचलू नका. एकट्यानं न्हाई उचलायचं. आमाला शिकीवलंय. दोघं पायजेत, न्हाईतर तुमची बी कंबर जाती अन् त्यांचं बी हाड."

"मला जमतं," मी म्हटलं.

शेजारच्या अमृतला रोज सकाळी दहा मिनिटं बोलवावं असं इंदूही मागे लागली आहे. स्वतःचा बाप उचलायला गावातून माणसं गोळा करायची का? कंबर दुखते ती हवेने. बाम लावला.

संस्कृती मुळात पेढे घेऊन आली होती. पुण्याला जाऊन भाषेची आणि कामाची, दोन्ही परीक्षा पास झाली! माझी पहिली विद्यार्थिनी. आता फक्त मुलाखत. मी दोन पेढे खाल्ले आणि इंदूच्या नकळत तिसरा.

४ ऑगस्ट

गोरक्ष आले होते. ओट्यावरच बसले, आत येईनात. "गुरुजी, खरं सांगतो. पाव्हन्यांचा निरोप आलाय. पोरगं सुप्याच्या कंपनीत हाय, घर चांगलं हाय. हिची आई म्हंती पोरीला जाऊ द्या. मी दिवाळीपतूर थांबतो. झालं तं झालं, न्हाईतर तुळशीच्या लग्नानंतर उरकून टाकतो."

मी छातीवर हात ठेवून सांगितलं, होणारच. कशाच्या जोरावर सांगितलं ते मलाच माहीत नाही. मुलाखत चौदा तारखेला आहे. गोरक्ष गेल्यावर संस्कृतीने माझ्यासमोर वही उघडली आणि म्हणाली, "सर, सगळं पाठ करून घ्या माझ्याकडून."

मी चाळीस प्रश्न काढले आहेत. स्वयंपाक येतो का, सायकल येते का, म्हाताऱ्यांना भरवता येतं का, कागदपत्रं वाचता येतात का. चाळीसही प्रश्नांची उत्तरं 'हाइ, देकिमासु'. हो, येतं. तिने विचारलं, "अन् जे येत न्हाई ते?" मी म्हटलं, मुलाखतीत 'नाही' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. आधी निवड होऊ दे, मग शिकता येतं. माझी स्वतःची नोकरी अशीच लागली. मला संस्कृत बोलता येतं असं मी सांगितलं होतं.

१४ ऑगस्ट

उत्कृष्ट! मुलाखत माझ्या पुढच्या खोलीतच झाली, लॅपटॉपवर. मी टेबलाच्या अलीकडे, कॅमेऱ्यात दिसणार नाही असा बसलो होतो. पलीकडे पांढऱ्या शर्टातल्या एक बाई. त्यांचं बोलणं मला फारसं लागलं नाही, जपानी लोक सौम्य बोलतात. पण संस्कृतीचं प्रत्येक उत्तर खणखणीत ऐकलं. हाइ, देकिमासु. हाइ, देकिमासु. एकदा ती माझ्याकडे बघून अडखळली, मी मान जोरात हलवली, मग म्हणाली, "हितोरि दे देकिमासु." एकटीला जमतं. तिथून पुढे बाईंनी पेन खाली ठेवलं आणि नुसत्या ऐकत राहिल्या. इतकी छाप पडली.

शेवटी बाईंनी एक कागद कॅमेऱ्यासमोर धरून काहीतरी विचारलं. संस्कृती म्हणाली देकिमासु, आणि मग त्या कागदाकडेच बघत राहिली. वाचण्यात गुंग झाली असावी.

इंदूने शिरा केला होता. संस्कृतीने घेतला नाही, पोट भरलंय म्हणाली. आनंदाने भूक जाते काही जणांची.

२२ ऑगस्ट

नाही झालं.

हर्षलचा फोन आला. "नाही घेतली सर. तिकडून एका पानाचं पत्र आलंय, जपानीत. आमच्या भाषांतर करणाऱ्या मॅडम रजेवर आहेत. तुम्हाला पाठवतो, तुम्ही वाचालच."

मी दिवसभर हर्षलला, इंटरनेटला आणि जपान देशाला दोष दिला. संध्याकाळी गोरक्ष रस्त्यात भेटले. त्यांनी नुसता रामराम घातला.

२६ ऑगस्ट

चार दिवस शब्दकोश घेऊन बसलो होतो. वाचता मला येतं, ते खरंच येतं. पत्रात असं आहे:

'उमेदवाराने प्रत्येक प्रश्नाला येतं असं उत्तर दिलं. पंचाहत्तर किलोचे आजोबा न्हाणीघरात पडले तर त्यांना एकटी उचलाल का, यालाही हो म्हणाली. औषधांचा कागद वाचता येतो म्हणाली, तो तिला वाचता आला नाही. काय जमत नाही हे जी सांगत नाही, तिच्या हाती आम्ही आमची म्हातारी माणसं सोपवू शकत नाही. मुलगी मनाने चांगली वाटली. हे उत्तर तिला कोणी शिकवलं असेल, तर फार वाईट वाटतं.'

भाषांतर तीनदा तपासलं. कुठे एखादा काळ चुकला असेल, एखादा नकार निसटला असेल. नाही. सगळं बरोबर होतं.

संस्कृती बावीस तारखेपासून आलेली नाही. पत्र टेबलाच्या खणात ठेवलं आहे. इंदूने विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, अक्षर लागत नाही. छापील पत्र होतं.

९ सप्टेंबर

कंबरेला पट्टा बांधून, आडवं पडून लिहितो आहे. अक्षर आज खरंच लागणार नाही.

इंदू बाजाराला गेली होती. मी पुढच्या खोलीत शब्दकोश चाळत होतो. सहज आत गेलो तर नाना न्हाणीच्या दाराशी जमिनीवर बसलेले. मी त्यांच्या काखेत हात घालून उचलायला गेलो. नाना अर्धे वर आले, माझी कंबर मध्येच थांबली, आणि आम्ही दोघेही खाली. नाना माझ्या मांडीवर. मला हलता येईना. 'उठवत नाही' हे उदाहरण पोरांना किती उत्साहाने दिलं होतं!

"श्याम," नाना म्हणाले, "कोणाला तरी हाक मार."

"जमतं, नाना. पाच मिनिटं थांबा."

पाचाची वीस झाली. भिंतीपलीकडे अमृत मोटारसायकल धूत होता. मी हाक मारली नाही. चौतीस वर्षं ज्या गावाला शिकवलं, त्या गावाने मला न्हाणीत बापाला मांडीवर घेऊन बसलेलं बघायचं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात संस्कृती आली. पुस्तकं परत करायला आली होती. तिने आम्हाला बघितलं, पिशवी टाकली, आणि उचलायला न वाकता आधी मागच्या दारात गेली. "अमृतदादाऽ! इकडं या! दोघं पडल्यात, मला एकटीला न्हाई जमायचं!" हाक मारायला तिला विचारसुद्धा करावा लागला नाही. मग दोघांनी मिळून नानांना खुर्चीवर घेतलं. कोणाचं काय कुठे धरायचं ते तीच सांगत होती. त्यानंतर मला.

अमृत गेल्यावर म्हणाली, "सर, हाक का न्हाई मारली?"

नाना खुर्चीतून म्हणाले, "त्याला ते कधी जमलं नाही. आणि मी एवढा वेळ घंटी बडवत होतो, हात भरून आला, शेवटी आपलाआपण निघालो. ती तरी कुठे ऐकली त्याने?"

घंटीच्या आतला लोळ सैल झाला असणार. संस्कृतीला आणून दाखवायला सांगितलं. घट्ट होता.

मग मी तिला खणातलं पत्र काढायला लावलं. माझं भाषांतर सोबत होतंच. ती उभ्यानेच वाचत होती. वाचून झाल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला तवाच वाटलं हुतं सर. एकटीनं उचलायचं न्हाई, हे मला पक्कं म्हाईत हुतं. म्हननारच हुते. पर तुमी समूर बसला हुता."

मला लाज वाटली. परीक्षेत नापास झालो तेव्हा राग आला होता. आज फक्त लाज वाटली.

१२ सप्टेंबर

त्या बाईंना पत्र लिहिलं. हाताने, तीन मसुदे करून. 'उत्तर मी शिकवलं. मुलीला उचलण्याची योग्य पद्धत येते, तिने माझ्या वडिलांना आणि मला तसंच उचललं. तिला पुन्हा एकदा विचारावं. मी तिचा शिक्षक आहे. मला जपानी वाचता येतं, लिहिता येतं. ऐकता येत नाही.' आयुष्यात पहिल्यांदा स्वतःबद्दल ते नकाराचं रूप लिहिलं. लिहिताना शब्दकोश लागला नाही.

संस्कृतीला वाचायला दिलं. तिने शेवटच्या वाक्यात पेन्सिलने खोडून एक दुसरं क्रियापद घातलं. जपानीत मराठीसारखीच दोन आहेत, 'ऐकता येतं' आणि 'ऐकू येतं'. मी 'ऐकता येत नाही' लिहिलं होतं, तिने 'ऐकू येत नाही' केलं. मी तिला फरक समजावून सांगितला. एक कौशल्याचा प्रश्न, दुसरा कानाचा.

"व्हय सर," ती म्हणाली. "ह्येच राहू द्या."

वाद घालायला कंबरेत जोर नव्हता, राहू दिलं. हर्षल म्हणाले असलं पत्र कोणी पाठवत नाही, संस्थेचं नाव जातं. मी म्हटलं, माझ्या नावाने पाठवा. तेवढंच माझ्याजवळ आहे.

१३ सप्टेंबर

वर्गाला सांगून टाकलं. चौथी पायरी मी चढलेलो नाही, ऐकण्यात चौदा गुण. कोणाला नगरच्या क्लासला जायचं असेल तर मी वाईट वाटून घेणार नाही. (घेतलं असतं.)

कोणी हललं नाही. मग अश्विनी, पुढच्या बाकावरची, म्हणाली, "सर, आमाला ठाव हाय. तुमी टेप लावली की फळा पुसायला लागता. पुसलेलाच फळा."

सगळी हसली. मीही हसलो, जरा उशिरा. आठ महिने ही पोरं ऐकण्याचा सराव घरी मोबाईलवर करून येत होती आणि माझ्यासमोर पहिल्यांदा ऐकल्याचा आव आणत होती. मला वाटत होतं, माझ्या शिकवण्याचा गुण.

डिसेंबरच्या परीक्षेचा फॉर्म भरला. इंदू म्हणाली आधी नगरला कानाच्या डॉक्टरांकडे चला. मी म्हटलं, कंबर बरी होऊ दे, एका वेळी एक अवयव.

२५ सप्टेंबर

बाईंनी पुन्हा वेळ दिली. आज झाली. या वेळी मी खोलीबाहेर बसतो म्हणालो, पण संस्कृती म्हणाली, "आत बसा सर. पर मान हालवू नका."

तोच प्रश्न आला. ती म्हणाली, "हितोरि दे वा देकिमासेन. हितो ओ योबिमासु." एकटीला जमत नाही. मी माणसांना बोलवीन. बाईंनी पेन खाली ठेवलं नाही, भराभर लिहिलं. औषधांचा कागद दाखवला, तर ही म्हणाली, वाचता येत नाही, विचारीन. सायकल येते म्हणाली, पोहता येत नाही म्हणाली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो होतो.

शेवटी शेवटी बाईंनी काहीतरी विचारलं आणि संस्कृती बराच वेळ बोलली. मध्ये तिने स्वतःच्या कानाला बोट लावलं, मग माझ्याकडे हात केला. बाई हसल्या आणि मी त्यांना दिसत नव्हतो तरी पडद्यातून माझ्या दिशेला वाकून नमस्कार केला. मला वाटतं, आवाज नीट येत नसल्याबद्दल माफी मागितली असावी. मीही वाकलो. कंबरेतून कळ आली.

१० ऑक्टोबर

झालं! झालं! झालं!

संस्कृती, रतनबाई, गोरक्ष, तिघं एका मोटारसायकलवर आले. रतनबाई इंदूच्या गळ्यात पडून रडल्या. गोरक्ष म्हणाले, "गुरुजी, पाव्हन्यांना कळीवलं, पोरगी जपानला चालली. त्यांनीच इचारलं, तिकडं पोरांना बी घेत्यात का?" नानांनी घंटी वाजवली, नुसतीच, आनंदाने. मला ती ऐकू आली, मी शेजारीच उभा होतो.

सोबत निवडीचा कागद होता. मी मोठ्या थाटात चष्मा लावून सगळ्यांना भाषांतर करून ऐकवलं. 'उमेदवार आपली मर्यादा सांगते, त्यामुळे विश्वास वाटतो. समोर तोंड करून, हळूहळू, मोठ्याने आणि स्पष्ट बोलते. कमी ऐकू येणाऱ्या वृद्ध व्यक्तीबरोबर बराच काळ राहिल्याचा तिला अनुभव आहे, हे आमच्यासाठी विशेष मोलाचं.'

"तुझ्या आजीला कमी ऐकू येतं का गं?" मी विचारलं.

संस्कृती चपलेकडे बघत होती. इंदूने पदर तोंडाला लावला, आणि मग तिला हसू आवरेना. ती हसली म्हणून नाना हसले, नाना हसले म्हणून गोरक्ष. मी कागद पुन्हा वाचला. मग बांधावरून हाका मारणारी नऊ पोरं डोळ्यांसमोर आली. ती एकमेकांशी बोलताना कधी ओरडत नव्हती, हे मला आत्ता आठवलं.

संस्कृती म्हणाली, माझ्याकडे तोंड करून, तोडून तोडून, "सर, तुमच्यामुळंच झालं."

मला बोलवेना.

७ डिसेंबर

पुण्याला परीक्षा देऊन आत्ताच उतरलो. तीच शाळा, तसलाच हॉल, वीस-बावीस वर्षांची तीच पोरं. कानाचं यंत्र अजून आलेलं नाही, पुढच्या आठवड्यात येईल. वाचनाचा पेपर फक्कड गेला.

मग ऐकण्याचा. नमुन्याचं वाक्य वाजलं. तीच बाई, तोच पदर. 'ज्यांना नीट ऐकू येत नाही त्यांनी हात वर करा.' हॉलमध्ये कोणी हललं नाही. अख्खी नोकरी दुसऱ्यांना हात वर करायला सांगण्यात गेली.

मी हात वर केला. डावा.

पर्यवेक्षक मुलगी आली, काहीतरी म्हणाली, तेही मला ऐकू आलं नाही. तिने माझं बखोट धरलं आणि स्पीकरसमोरच्या पहिल्या बाकावर नेऊन बसवलं. वाक्य पुन्हा वाजवलं. बाई म्हणत होती की आज हवा छान आहे. एवढंच म्हणत होती बिचारी, गेल्या वर्षीसुद्धा.

८ डिसेंबर

सकाळी अमृत आला. हल्ली रोज येतो. दोघांनी नानांना उठवून खुर्चीत बसवलं. नानांनी विचारलं, पेपर कसा गेला? मी हॉलमधली सगळी हकिकत सांगितली, डाव्या हातासकट. वाटलं, त्यांना गंमत वाटेल.

नाना हसले नाहीत. म्हणाले, "बरं केलंस. साहेब गेला की मी डाव्या हाताच्या पोरांना थांबवून घ्यायचो. त्यांना पुन्हा शिकवायचो, सगळ्यांचा उजवा होईपर्यंत. त्यासाठीच तर ती खूण होती. तू घ्यायचास ना थांबवून?"

चौतीस वर्षांत मी एकालाही थांबवलं नाही. युक्तीचा हा अर्धा भाग मला कोणी सांगितलाच नव्हता. किंवा नानांनी सांगितला असेल, मला ऐकू आला नसेल.